गाडी आपली, धूर कोणाचा?



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हाला चर्चच्या आवारात भेटला. सोबत त्याचे वडील होते. दोघांच्या मागे, झाडाखाली, त्यांच्या घरची जुनी फियाट उभी होती. ही गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची आहे. या तरुणाचे आजोबा कितीतरी वर्षे तिच्यातूनच मिस्साला येत असत आणि परत जाताना वाटेवरच्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना घरी सोडत असत. गेल्या वर्षी आजोबा देवाघरी गेले आणि गाडी घरात राहिली. आता तिचा सायलेन्सर गंजून गेला होता. तो बदलायचा, एवढ्यावर बापलेकांचे एकमत होते. कोणता बसवायचा, यावर मात्र घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती.

वडिलांचे म्हणणे असे की, गाडी जशी होती तशीच राहिली पाहिजे. मूळ कंपनीचा असायचा तसाच साध्या लोखंडी पत्र्याचा सायलेन्सर शोधून आणावा. मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याला रुंद पाइपचा, मोकळ्या आवाजाचा, ज्याला मुले 'फ्री-फ्लो' म्हणतात तसला सायलेन्सर हवा होता. शेवटी तो आम्हाला म्हणाला, "फादर, तुम्हीच सांगा. गाडी आमची, पैसे माझ्या पगाराचे. मला आवडेल तो सायलेन्सर बसवला, तर त्यात पाप काय?"

आम्ही हसून म्हणालो, "बाळा, पुढच्या रविवारी बोलू." खरे सांगायचे तर उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. सेमिनरीत आम्ही काही वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. पण तेथे सायलेन्सरचा पाठ नव्हता. घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले, की या लहानशा प्रश्नात दोन मोठे प्रश्न दडले आहेत. पहिला असा : एखाद्या वस्तूचे भाग बदलत गेले तर ती तीच वस्तू राहते का, आणि वाडवडिलांच्या ठेव्याशी प्रामाणिक राहणे म्हणजे नेमके काय? दुसरा असा : जी वस्तू माझी आहे तिच्यातून जे बाहेर पडते, तेही माझेच आहे का? त्या कुटुंबाच्या परवानगीने, नावे वगळून, आम्ही हा विचार आपल्यापुढे मांडत आहोत.

प्रथम गाडीविषयी

गाडी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. नाव इटलीचे असले तरी ती आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढे फियाट कंपनीच्या परवान्याने तेथे या गाड्या होऊ लागल्या. याच गाडीला सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. आज ज्या थोड्या फियाट धावत आहेत, त्या कोणाच्या तरी घरच्या मायेवर धावत आहेत.

इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आजची एखादी लहान गाडीसुद्धा याहून जोरकस असते. तेव्हा या गाडीला सायलेन्सर बदलून शर्यतीची गाडी करता येईल, असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

उस्तादांच्या गॅरेजमध्ये

विषय समजून घेतल्याशिवाय उपदेश करू नये, म्हणून एका गुरुवारी आम्ही बापलेकांबरोबर त्यांच्या मेकॅनिककडे गेलो. जालना रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचे गॅरेज आहे. वय सत्तरीच्या घरात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आजोबांच्या हयातीत हीच गाडी त्यांच्याच हाताखालून गेलेली.

उस्तादांनी गाडी वर घेतली आणि आम्हाला खाली वाकून पाहायला लावले. इंजिनात पेट्रोल जळले की तापलेला धूर जोराने बाहेर पडतो. तो आधी ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डमध्ये येतो, तेथून लांब पाइपने गाडीच्या पोटाखालून मागे जातो, वाटेत सायलेन्सरच्या डब्यात शिरतो आणि शेपटीच्या नळीतून बाहेर पडतो. सायलेन्सरच्या आत खण आणि भोकाभोकांच्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्या खणांत एकमेकींवर आपटून विरत जातात. जो स्फोट आपल्या कानाला बंदुकीसारखा वाटला असता, तो बाहेर येईपर्यंत नुसती घरघर होऊन जातो.

मग गंज कोठून येतो? आम्हाला वाटत होते, पावसापाण्याने आणि चिखलाने. उस्ताद म्हणाले, तो आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. लांबचा प्रवास असेल तर पाइप तापतो आणि ते पाणी वाफ होऊन निघून जाते. गाडी फक्त घरापासून चर्चपर्यंत आणि परत अशीच चालत असेल, तर पाइप नीट तापतच नाही. पाणी आत साचते, त्यात धुरातली आम्ले मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. आजोबांचे वय वाढले, फेऱ्या आखूड झाल्या आणि सायलेन्सर आतून कुजत गेला. वरून काळा रंग दिला की तो धडधाकट दिसे.

त्या तरुणाने येथे आपल्या मनातली गोष्ट बोलून दाखवली. तो म्हणाला, "फादर, मला शर्यत लावायची नाही. आजोबा कोपऱ्यावर आले, की त्या भारी आवाजावरून आम्ही घरात ओळखायचो आणि मी फाटक उघडायला धावायचो. हल्लीच्या गाड्यांना आवाजच नाही. मला तो आवाज ठेवायचा आहे."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. वरवर हट्ट दिसत होता. आत आजोबांवरचे प्रेम होते. वडिलांनाही हे बहुधा पहिल्यांदाच कळले असावे. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

उस्तादांनी मात्र पाइपच्या जोडावर बोट ठेवले. तेथे रुपयाएवढे भोक होते आणि भोवती काजळी जमली होती. आपल्या दखनी बोलीत ते म्हणाले, "बेटा, वो आवाज इंजन की नहीं थी. इस सुराख की थी." नवी असताना ही गाडी अगदी मवाळ चालायची, आजोबा तिला त्याच कौतुकाने चालवायचे, असे त्यांनी सांगितले. भारी आवाज शेवटच्या काही वर्षांतला. आजोबांना ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळे त्यांना तो कळलाच नाही.

पुढे त्यांनी जे सांगितले ते अधिक गंभीर आहे. भोक गाडीच्या पोटाखाली, बसायच्या जागेजवळ होते. म्हणजे विषारी धुराचा काही भाग मागे न जाता वर, गाडीच्या आत येत होता. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. डोके दुखते, गुंगी येते. बंद जागेत माणूस झोपेतच दगावतो. ज्या आवाजाला नातू आजोबांची खूण समजत होता, तो खरे तर आजोबांना असलेला धोका होता. प्रेम खरे होते. पण ज्या वस्तूवर ते जडले होते, ती वस्तू म्हणजे एक बिघाड होता. आपल्या सर्वांच्याच आठवणींत असे काही असू शकते, हे आम्ही त्या दिवशी मनाशी नोंदवून ठेवले.

भाग बदलले तर वस्तू तीच का?

आता वडिलांच्या बाजूकडे वळू. 'जसे होते तसेच' हा त्यांचा आग्रह. यावर तत्त्वज्ञानात एक जुने कोडे आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की अथेन्सच्या लोकांनी थेसियस या वीराचे जहाज जपून ठेवले होते. एखादी फळी कुजली की ती काढून नवी बसवत. असे करता करता तत्त्वज्ञांमध्ये वाद सुरू झाला, की हे जहाज तेच की दुसरे? सतराव्या शतकात थॉमस हॉब्स या इंग्रज विचारवंताने त्यात आणखी पेच घातला : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते?

याला अॅरिस्टॉटलच्या विचारात एक वाट सापडते. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याच विचारावर आपली पुष्कळशी मांडणी उभी केली. प्रत्येक वस्तूत द्रव्य असते आणि त्या द्रव्याला अमुक एक वस्तू बनवणारी घडण असते. आपल्या शरीरातील पेशी सतत बदलतात; तरी आईला आपले लेकरू तेच दिसते. गावाकडच्या जुन्या चर्चची कौले किती वेळा बदलली असतील! तरी 'माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला' असे आपण म्हणतोच आणि ते खरेच असते. वस्तू कशासाठी आहे, तो हेतू आणि ती घडण टिकली, तर द्रव्य बदलूनही वस्तूची ओळख टिकते.

गंमत अशी की, आपल्या सरकारलाही हा प्रश्न सोडवावा लागला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिची सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदलण्याइतकी मोठी उलथापालथ झालेली नसावी, अशी अट त्यात आहे. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून या कुटुंबाने तशी नोंदणी केलेली नाही. पण नियमाने नावे कोणाची घेतली ते पाहा : सांगाडा, बॉडी, इंजिन. सायलेन्सरचे नाव त्यात नाही. टायर, बॅटरी, ब्रेकचे पट्टे यांच्याप्रमाणेच सायलेन्सर हा झिजायलाच केलेला भाग आहे.

म्हणून वडिलांना आम्ही असे सुचवले : साध्या पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा, पण मूळच्याच मापाचा आणि आत पूर्ण खण असलेला सायलेन्सर बसवला, तर आजोबांच्या गाडीचा अपमान होत नाही. पत्रा बदलला, पण काम तेच राहिले. याउलट आतले खण काढून नुसती चकचकीत नळी लावली, तर बाहेरून ती कितीही जुन्या धाटणीची दिसली, तरी तो सायलेन्सर उरत नाही. परंपरा जपणे म्हणजे कुजलेली फळी जपणे नव्हे. जहाज तरंगत ठेवणे म्हणजे परंपरा जपणे. आणि जहाजाच्या तळाला भोक पाडून 'मी नवे केले' असे म्हणणे, हीदेखील परंपरा नव्हे.

बाहेर पडते ते कोणाचे?

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. "गाडी आमची, पैसे माझे." हे दोन्ही खरे आहे. पण गाडीच्या सगळ्या भागांत सायलेन्सर हा एक विलक्षण भाग आहे. आसन मऊ असले तर सुख मालकाला. रंग चांगला असला तर कौतुक मालकाचे. सायलेन्सरची नळी मात्र मुद्दाम मागे, मालकापासून दूर नेलेली असते. जे त्याला स्वतःला नको, ते दुसऱ्यांच्या दिशेने सोडण्याची ती सोय आहे. गाडी ज्याची आहे त्याला त्या धुराचा वाटा सर्वांत कमी मिळतो आणि ज्याची गाडीच नाही, जो मागून सायकलवर किंवा पायी येतो, त्याला सर्वांत जास्त. तेव्हा या एका भागाविषयी 'माझा' हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालकीविषयी एक महत्त्वाचा भेद केला आहे. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे याबाबतीत माणसाला खासगी मालकी ठेवण्याचा अधिकार आहे. पण तिचा उपयोग करताना त्याने ती सर्वांची आहे असे मानून, इतरांची गरज लक्षात घेऊन वागावे, असे ते म्हणतात. इंग्लंडमध्ये १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल यांनी, धर्माचा आधार न घेता, व्यक्तीच्या स्वातंत्र्याची सीमा दुसऱ्याला होणाऱ्या अपायापाशी आखली. वाटा वेगळ्या असल्या, तरी दोघे एकाच उंबरठ्यावर येऊन थांबतात : तो शेजाऱ्याचा उंबरठा.

कायद्याचेही म्हणणे तेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सांगतो, की इंजिनातून धूर बाहेर पडताना होणारा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन, म्हणजे सायलेन्सर, प्रत्येक वाहनाला असलेच पाहिजे. 'शक्य तितका कमी' हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. आवाज आणि धुराची मर्यादा मोडणारी गाडी चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. बुलेटला 'इंदोरी' किंवा 'पंजाबी' सायलेन्सर लावून फटाके फोडत फिरणारी मुले आपण आपल्याच शहरात पाहतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, ती चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. पण दंडाच्या भीतीने शांत राहणे ही नीतीची पहिलीच पायरी झाली. पोलीस नसलेल्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता आपण काय करतो, तेथे खरी परीक्षा आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती त्याहूनही पाचाने कमी. डेसिबलचे माप आपल्या रुपये-पैशांसारखे सरळ वाढत नाही. दहा डेसिबल वाढले, की आवाजाची ऊर्जा दहापट होते. घाटी रुग्णालयात कोणाच्या उशाशी रात्र काढलेल्यांना हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत.

"माझ्या एकट्याच्या गाडीने काय होणार?"

हा आक्षेप मुलाने घेतला आणि तो बिनतोड वाटतो. या शहरात वाळूज आहे, शेंद्रा आहे, लाखो दुचाक्या आहेत. रविवारी तासभर चालणाऱ्या एका फियाटने आकाश थोडेच काळे होणार आहे?

याचे उत्तर आम्हाला त्याच फियाटच्या टाकीत सापडले. १९६८ साली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. १९२० च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती निघाली. इंजिनाची ठोकठोक थांबे, म्हणून ती जगभर पसरली. ते शिसे सायलेन्सरच्या वाटे बाहेर पडे, हवेत आणि धुळीत मिसळे आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा करी. प्रत्येक गाडीचा वाटा चिमूटभर होता. कोणत्याही एका मालकाकडे बोट दाखवून 'हे मूल तुझ्यामुळे मागे पडले' असे म्हणता आले नसते. आणि तरीही नुकसान झाले ते या चिमटींच्या बेरजेनेच झाले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ साली थांबले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे जग 'माझ्या एकट्याने काय होणार' असे म्हणत होते.

मग आजोबा दोषी होते का? त्यांनीही तीस-एक वर्षे तेच पेट्रोल भरले. नाही, आम्ही त्यांना दोषी मानत नाही. पेट्रोल पंपावर दुसरे काही मिळत नव्हते आणि त्यांना याची माहिती असण्याचे कारणही नव्हते. जे कळणे आपल्या आवाक्यात नव्हते, त्याचा दोष माणसाला लागत नाही, हे नीतिशास्त्राचे जुने सूत्र आहे. पण त्याच सूत्राची दुसरी बाजू अशी, की कळल्यानंतर ती सवलत संपते. आजोबांना जे ठाऊक नव्हते, ते नातवाला ठाऊक आहे. म्हणून एकाच गाडीत बसूनही नातवाचे कर्तव्य आजोबांहून मोठे आहे. 'आमचे वाडवडील असेच वागत' हा बचाव म्हणूनच अपुरा पडतो. ते आपल्याइतके जाणत असते, तर तसे वागले असते का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आमचा स्वतःचा सायलेन्सर

हे सर्व लिहिताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली आणि ती लपवणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात असताना, सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मैदानात मोठे स्पीकर लावले होते. भिंतीपलीकडच्या घरातून एक गृहस्थ आले. त्यांच्या आईला पक्षाघात झाला होता. आवाज थोडा कमी करा, एवढीच त्यांची विनंती होती. आम्ही त्यांना नम्रपणे सांगितले, "भाऊ, वर्षातून एकच दिवस आहे." ते काही न बोलता परत गेले. आवाज आम्ही कमी केला नाही. आपण देवाच्या कामासाठी आवाज करतो आहोत, तेव्हा आपल्याला सूट आहे, असे आम्हाला वाटले असावे. दुसऱ्या दिवशी स्पीकर उतरवताना आमच्या मनात आले, की त्यांनी आपल्याकडे कार्यक्रम बंद करायला सांगितलेच नव्हते. शक्य तितका कमी, एवढेच ते मागत होते.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. माऊली खाटेवर होत्या. आम्ही क्षमा मागितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग दिसला नाही, आणि तेच आम्हाला जड गेले. तेव्हापासून आमचा स्पीकर मैदानाकडे तोंड करून असतो, रस्त्याकडे नाही; आणि दहाच्या आत बंद होतो.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की मोठा आवाज ही फक्त तरुणांची खोड नाही. लग्नाच्या वरातीतला डीजे, दारात उभे राहून दाबलेला हॉर्न, रात्री बाल्कनीत चालणारे मोबाइलवरचे बोलणे, आणि घरात बायकामुलांवर चढवलेला सूर, हे सगळे आपापले सायलेन्सर आहेत. आपण काय आत घेतो त्यापेक्षा आपल्यातून काय बाहेर पडते त्याने माणूस डागाळतो, ही प्रभू येशूची शिकवण आपण अनेकदा ऐकली आहे. ती गाडीच्या नळीलाही लागू पडेल, असे आम्हाला पूर्वी कधी वाटले नव्हते.

आनंद मात्र पाप नव्हे

तरुणांनी येथे एक गैरसमज करून घेऊ नये. यंत्रावर प्रेम करणे, त्याचा आवाज ओळखणे, स्वतःच्या कमाईतून ते सजवणे यात काहीही वाईट नाही. हाताने काम करणाऱ्याचा तो चांगला गुण आहे. आम्ही त्या मुलाला 'छंद सोड' असे सांगितले नाही. आम्ही एवढेच विचारले, "तुझा आनंद दुसऱ्याच्या झोपेतून येतो आहे का?" तसा येत असेल, तर तो आनंद उसना आहे आणि ज्याच्याकडून घेतला त्याला विचारलेले नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने उस्तादांना जे विचारले, ते आम्हाला फार आवडले. त्याने विचारले, "नव्या गाड्यांना धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते, ते हिला बसेल का?" चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले, हे त्याला माहीत होते. उस्तादांनी समजावले, की कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हवा-पेट्रोलचे प्रमाण नव्या गाडीइतके काटेकोर राखता येत नाही; मिश्रण दाट राहिले तर ते यंत्र नको इतके तापते. तेव्हा ते नुसते मध्ये जोडून भागत नाही. जुन्या गाडीचे खरे शुद्धीकरण म्हणजे कार्ब्युरेटर नीट लावणे, प्लग आणि टायमिंग तपासणे आणि कोठेही गळती न ठेवणे. रुंद पाइपविषयीही त्यांनी स्पष्ट सांगितले : एवढ्या लहान इंजिनाला त्याने फार तर एखाद-दुसरी अश्वशक्ती मिळेल, आणि चौकातून निघतानाची ओढ उलट कमी होईल.

शेवटी ठरले ते असे : स्टेनलेस स्टीलचा पाइप, मूळच्याच व्यासाचा, आत खण असलेला पूर्ण सायलेन्सर, जोडांना नव्या गॅस्केट, आणि त्याच दिवशी पीयूसी तपासणी. खर्च मुलाने केला. जुना सायलेन्सर वडिलांनी भंगारात न देता घरी ठेवला आहे. ठेवू द्या; तेवढी मायेला जागा असावी.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी किंवा स्कूटर आहे, त्यांना आमची विनंती आहे. जुन्या मानकांच्या वाहनांची पीयूसी दर सहा महिन्यांनी करावी लागते; ती नुसता कागद म्हणून आणू नका, खरोखर करून घ्या. आवाज अचानक बदलला तर गाडी खालून तपासून घ्या. दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, हिवाळ्यात तर मुळीच नाही. आणि दवाखान्यासमोरून जाताना अॅक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका ठेवा.

मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला असे दिले : "बाळा, सायलेन्सर बदलण्यात पाप नाही. पण गाडी तुझी असली, तरी तिच्या मागची हवा तुझी नाही. ती सर्वांची आहे, आणि तिच्यात तुझ्या पुढच्या पिढीचाही वाटा आहे."

गेल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही खोलीत रविवारच्या प्रवचनाची तयारी करत बसलो होतो. खिडकी उघडी होती. दारावर टकटक झाली, म्हणून उठून पाहिले तर बापलेक उभे होते आणि मागे आवारात फियाट होती. ती कधी आत आली, ते आम्हाला कळलेही नव्हते. मुलगा म्हणाला, "फादर, आजोबांची गाडी नवी असताना अशीच चालत असेल ना?" वडील म्हणाले, "अशीच चालायची. मला आठवतंय. मी लहान होतो, मागच्या सीटवर झोपून जायचो."

परमेश्वर आपल्या घरांना शांती देवो, आणि आपल्यामुळे शेजाऱ्यांच्या घरांनाही.

आपला,
धर्मगुरू